मॅचिंग

दोनशे बारा विहिरी.
प्रत्येकीचा एक ठिपका.
सकाळपासून सगळे काळेच आहेत,
नकाशावर तीळ सांडावेत तसे,
आणि मार्लिस दारातून विचारून जाते,
गुरुवारच्या सभेपर्यंत होतील ना रंगवून?

खिडकीबाहेर आयोवा.
कापून झालेला मका, पत्र्याचं उंच कोठार,
त्याच्या पायथ्याशी हॅलोवे गाव:
एक चर्च, एक पेट्रोलपंप, एक बँक,
जिच्या पाटीवरचं तापमान नेहमी दोन अंशांनी चुकतं.

आकड्याला रंग द्यायचा म्हणजे
आधी ठरवायचं, कुठून घाबरायचं.
नायट्रेट तीनच्या आत, हिरवा.
दहाच्या वर, लाल.
मधल्यांचं काय करायचं
ते मशीन मलाच विचारतं.

डेल टोलेफसन आला, बुटांना चिखल,
हे सगळं पाणी त्यानंच भरून आणलंय,
बाटलीमागून बाटली, कुत्र्यांना चुकवत.
बराच वेळ वाकून बघत राहिला.
'छान,' म्हणाला. 'सगळ्या विहिरी सारख्याच निघाल्या?'
मला वाटलं, चेष्टा.
'लाल-हिरवा मला एकच,' म्हणाला, 'जन्मापासून.
सिग्नलला मी वरचा की खालचा एवढंच बघतो.'

मग मी बार्शीला गेले.
म्हणजे उठले नाही खुर्चीतून;
स्टँडमागच्या गल्लीत, मावशीच्या मॅचिंग सेंटरमध्ये,
जिथं छतापर्यंत ब्लाउजपीसचे गठ्ठे,
मोतिया, लिंबू, हळदी, शेंदरी, डाळिंबी, अंजिरी,
फिक्याकडून गडदाकडे, डोळे मिटून हात घातला तरी
सापडतील असे.
बायका पिशवीतून साडीचा काठ काढायच्या.
मावशी तो कापडाला लावायची
आणि तडक रस्त्यावर, रिक्षांच्या मध्ये.
'ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं गं.
उन्हात बघ.'

तर हिरवा काढून टाकला.
तीनपर्यंत मोतिया. पाचला लिंबू. सातला हळदी.
दहापर्यंत शेंदरी, पुढे डाळिंबी,
आणि वीसच्या पुढच्या त्या चार, अंजिरी, जवळजवळ काळ्या.
मशीनला यातलं एकही नाव कळत नाही,
त्याला सहा-सहा चिन्हांत सांगावं लागतं.
सांगितलं.
ओढ्याकाठची ओळ हळूहळू वर आली,
जुना डाग धुतल्यावर यावा तशी.
डेल म्हणाला, 'अरे.'
बाकी काही म्हणाला नाही.

अर्डिस हॉगनचा ठिपका शेंदरी.
नऊ पूर्णांक आठ.
रस्त्यापलीकडचा शेजारी डाळिंबी, दहा पूर्णांक एक.
खाली दगडात पाणी तेच,
त्याला ठाऊक नाही आपण कुठल्या रकान्यात वाहतोय.
अर्डिसकडे नात आहे, सात आठवड्यांची, बाटलीवरची.
डेलला त्यांनी त्याच पाण्याचा चहा दिला होता.
मी रेघ नऊवर आणून बघितली.
मग रेघाच काढल्या, एकातून दुसरा रंग
सलग ओघळू दिला.
मार्लिस म्हणाली, 'सुंदर आहे.
पण लोक विचारतील, पिऊ की नको.
छटेला हो-नाही म्हणता येत नाही.'
तिचंही खरंच.
रेघ दहावर परत ठेवली
आणि अर्डिसचा फोन नंबर शोधला.

उरला एक.
लॉइड रस्ट, उत्तरेच्या टेकाडावर.
बाटली घेतली नाही, दार उघडलं नाही,
जाळीआडून म्हणाला, विहीर माझ्या बापानं खणली.
आकडा नाही, तर मशीननं आपणहून राखाडी दिला.
शून्य नव्हे. फक्त, माहीत नाही.
पांढरा ठेवला असता तर तिथं
कुणी राहत नाही असं वाटलं असतं.

प्रिंट निघाली तेव्हा साडेतीन वाजले होते.
मी कागद घेऊन बाहेर पार्किंगमध्ये गेले.
डेलनं न विचारता दुसरं टोक धरलं,
वारा होता, बोटं गारठत होती,
मका कापलेल्या रानावरून तिरपं ऊन थेट कागदावर.
शेंदरी आणि डाळिंबी आत वाटले होते
तेवढे लांब नव्हते.
आणि लॉइडचा ठिपका राखाडी नव्हताच,
त्यात निळसर काहीतरी होतं, मानेशी.

'याला काय म्हणतात तुमच्याकडे?'
पारवा, मी म्हटलं.
'पावरा,' डेल म्हणाला.
पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा चुकला.